बेडकाचं नावगाव

पावसाळ्यात एकदा तरी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ती बातमी येतेच: सह्याद्रीत बेडकाच्या नव्या प्रजातीचा शोध. छोटा फोटो, संशोधकांची नावं, उच्चारताना अडखळायला लावणारं शास्त्रीय नाव, आणि बेडूक अगदीच लहान असला तर आकार कळावा म्हणून शेजारी ठेवलेलं नाणं. ही कात्रणं मी जपून ठेवतो. कोकणातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. आमच्या पिढीने बेडूक पाहिला तो डिसेक्शनच्या ट्रेमध्ये, हातपाय ताणून टाचण्यांनी मेणावर बसवलेला. ‘राना टायग्रिना’ हे त्याचं नाव बी.एस्सी. झालेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. तो कुठल्या शेतातून आला हे मात्र कुणी विचारत नसे. त्याला नाव होतं, गाव नव्हतं.

पुढे ते नावही बदललं. आज तोच बेडूक ‘हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस’ म्हणून ओळखला जातो. ‘राना’ या एका जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या एका घराण्यात, एके काळी जगभरचे बेडूक भरलेले होते. नाती तपासायची साधनं हाती आली तसे एकेक घराणे वेगळे निघाले. जुने विद्यार्थी भेटले की तक्रार करतात, “सर, पाठ केलेलं सगळं बदलून टाकलं हो!” मला मात्र या बदलांचा मनापासून आनंद वाटतो. नाव बदललं याचा अर्थ कुणीतरी पुन्हा एकदा त्या बेडकाकडे नीट पाहिलं.

बातमी वाचून लोकांना वाटतं, की कुणीतरी निर्मनुष्य जंगलात शिरलं, दगड उलटला आणि कधीच न पाहिलेला बेडूक हाती लागला. असं क्वचित होतं. बहुतेक वेळा बेडूक सगळ्यांच्या पाहण्यातला असतो. त्याचे नमुने संग्रहालयाच्या बाटल्यांत वर्षानुवर्षं पडलेले असतात, फक्त भलत्याच नावाने. मग कधीतरी कुणाच्या तरी ध्यानात येतं, की एका बाटलीत ठेवलेले हे दोघे एकमेकांचे कुणी लागत नाहीत.

सगळ्यांत गाजलेला शोध घ्या. ऑक्टोबर २००३ मध्ये एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसाइट यांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत केरळच्या इडुक्की जिल्ह्यातल्या एका जांभळट, फुगीर अंगाच्या, टोकदार नाकाच्या बेडकाचं वर्णन छापलं. नाव ठेवलं ‘नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस’. नुसती प्रजाती नवी नव्हती, त्याच्यासाठी जीनसच्याही वरची पायरी, अख्खं नवं कुळ, मांडावं लागलं. हा बेडूक जवळजवळ सगळं आयुष्य जमिनीखाली काढतो आणि पहिल्या पावसात थोडे दिवस विणीपुरता वर येतो. त्याचे सगळ्यांत जवळचे आप्त भारतात नाहीत, दक्षिण आशियातही नाहीत. ते आहेत समुद्रापार, सेशल्सच्या बेटांवर. बेडकाला खारं पाणी सोसत नाही, तो समुद्र पोहून जाणार नाही. तेव्हा दोघांचे पूर्वज एकाच भूमीवर राहत होते आणि ती भूमी फुटून दुरावली, असं मानल्याशिवाय या नात्याचा उलगडा होत नाही. खंड सरकल्याचे पुरावे खडकांत मिळतात हे आम्ही शिकवत होतो. इथे तो पुरावा चिखलात बसून वाळवी खात होता.

पण या ‘शोधा’ची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याचे बेडूकमासे वाहत्या ओढ्यातल्या खडकांना तोंडाच्या चूषकाने घट्ट धरून राहतात, आणि या बेडूकमाशांचं वर्णन नेल्सन अनॅनडेल आणि सी. आर. नारायण राव यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच करून ठेवलं होतं. ते कुणाचं पोर आहे एवढंच कळत नव्हतं. आणि तिथल्या आदिवासींना तर ते चांगलेच ठाऊक होते. ते बेडूकमासे गोळा करून खातात. म्हणजे ज्याच्यासाठी विज्ञानाने नवं कुळ मांडलं, तो कुणाच्या तरी घरच्या जेवणात पिढ्यान्‌पिढ्या होता. याने शोधाचं मोल कमी होत नाही. सेशल्सचं नातं ओढ्याकाठच्या माणसाला दिसणं शक्य नव्हतं. मात्र ‘आम्ही पहिल्यांदा पाहिला’ हा दावा तेवढा बाजूला ठेवावा.

माझ्या जवळचा विषय आहे आंबोलीचा टोड, म्हणजे खरबरीत कातडीचा बेडूक.

सावंतवाडीहून घाट चढून वर आलं, की आंबोलीच्या आजूबाजूला जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे उघडी कातळ-पठारं, पसरलेले आहेत. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं हे ठिकाण. उन्हाळ्यात सड्यावर उभं राहिलं तर पायाखालचा कातळ चपलेतून भाजतो आणि इथे काही जगत असेल असं वाटत नाही. जूनच्या सुरुवातीला पहिले दोन-तीन दणदणीत पाऊस होऊन जाऊ द्यावेत आणि मग रात्री डोक्याला टॉर्च बांधून त्याच कातळावर जावं. जांभ्याला सगळीकडे खळगे असतात. कुठे ओंजळभर पाणी, कुठे घोटाएवढं. मी विद्यार्थ्यांना आधी एका जागी उकिडवं बसायला सांगतो. चालत राहिलं तर काही दिसत नाही आणि पायाखाली काय चिरडेल त्याचा नेम नाही. पाचेक मिनिटं बसल्यावर डोळे सरावतात आणि काळ्या-तपकिरी दगडावरचा एक तुकडा हलतो. जेमतेम दोन पेरांएवढा टोड. पाठ दगडासारखीच खरबरीत, त्यावर बारीक फोड. आणि कुशीवर पिवळे आडवेतिडवे पट्टे, वाघाची आठवण यावी असे. विणीच्या दिवसांत नर असे उजळ पिवळे दिसतात की टॉर्चच्या उजेडात खळग्याच्या कडेला हळदीचा खडा ठेवल्यासारखा वाटतो. मादी येते, नर पाठीवर बसतो, आणि इंच-दीड इंच खोल पाण्यात अंडी घातली जातात. पावसाने मध्येच आठ दिवस दडी मारली तर तो खळगा सुकतो आणि सगळं संपतं. पाऊस जोराचा आला तर पाणी वाहून जातं, त्याबरोबर पिल्लंही. या दोन्हींच्या मधल्या अरुंद फटीत यांची पिढी वाढते.

या टोडला नाव मिळालं २००९ साली. ‘झँथोफ्रिनी टायगेरिना’. बिजू, वरद गिरी, बोसाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ठेवलं. पण गोष्ट त्याच्या बरीच आधी, कोयनेकाठी सुरू होते. १९६३ साली पी. डब्ल्यू. सोमण यांनी कोयनेच्या शिवसागर जलाशयालगतच्या हुंबरळी गावाजवळच्या एका टोडचं वर्णन केलं. त्याच्याही कुशीवर पिवळे डाग. त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे तो ‘बुफो’ या भल्यामोठ्या जीनसमध्ये गेला, ज्यात आपल्या अंगणात दिव्याखाली किडे खायला येणारा जाडजूड टोडही होता. सोमणांच्या हाती डोळे, मोजमाप आणि धीर एवढंच होतं. तेवढ्यावर त्यांनी ओळखलं की हा वेगळा आहे. किती वेगळा, हे कळायला सेहेचाळीस वर्षं आणि डीएनए लागला. आंबोलीचा आणि कोयनेचा हे दोघे एकमेकांचे सख्खे, आणि बाकी सगळ्या टोडपासून एवढे लांबचे, की त्यांच्यासाठी स्वतंत्र जीनस करणंच योग्य ठरलं. त्या जीनसमध्ये एवढे दोघेच आहेत आणि दोघेही महाराष्ट्राचे. हे वाचलं त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना थांबवून थांबवून सांगत होतो. अजूनही सांगतो.

नवी प्रजाती म्हणून मांडायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे बातमीत कधी येत नाही. जंगलखात्याची परवानगी घ्यायची. रात्री आवाजाच्या मागावर जाऊन बेडूक शोधायचा. धरण्याआधी त्याचा आवाज रेकॉर्ड करायचा, तिथलं तापमान लिहायचं, कारण थंडीत तोच बेडूक सावकाश ओरडतो. जिवंतपणीचे रंग फोटोत घ्यायचे. मेल्यावर ते उरत नाहीत. आणि मग, हे सांगताना मला नेहमी जड जातं, काही मोजके बेडूक मारायचे. त्यांच्या मांडीचा किंवा यकृताचा कणभर तुकडा डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये, आणि शरीर फॉर्मॅलिनमध्ये घट्ट करून कायमचं बाटलीत. त्यातला एक ‘होलोटाइप’. ते नाव यापुढे त्या एका देहाशी बांधलेलं असतं. नाकापासून गुदद्वारापर्यंत लांबी, डोळ्याचा व्यास, कानाच्या पडद्याचा व्यास, दोन नाकपुड्यांमधलं अंतर, मांडी, पोटरी, बोटांच्या टोकांच्या चकत्या, पडदा बोटाच्या कितव्या पेरापर्यंत येतो, हे सगळं कॅलिपरने मिलिमीटरच्या दशांशात मोजायचं. मी एका तरुण संशोधिकेला हे काम करताना पाहिलं आहे. मायक्रोस्कोपखाली ती बेडकाची पोटरी सरळ करत होती, पिळून नाही, दोन चिमट्यांनी हळूच, आणि प्रत्येक माप तीन वेळा घेत होती. मी विचारलं, “बाई, तीनदा कशाला?” ती म्हणाली, “सर, याने जीव दिलाय. माप चुकलं तर फुकट जाईल.”

त्या बाटलीसोबत एक चिठ्ठी असते: कुठे, कधी, कुणी. ही जागा म्हणजे त्या प्रजातीची टाइप लोकॅलिटी, नावाबरोबर कायमचं जोडलेलं गाव. आता तर २००२च्या जैवविविधता कायद्याने असा नमुना सरकारने नेमलेल्या संस्थेत ठेवणं बंधनकारक आहे. आधी तसं नव्हतं, आणि त्याची किंमत नारायण रावांच्या कामाने मोजली. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात त्यांनी आयुष्यभर बेडकांवर काम केलं. १९३७ साली सह्याद्रीतल्या कितीतरी प्रजाती त्यांनी एकाच लेखात मांडल्या. त्यांचे नमुने पुढे हरवले. बाटल्याच नाहीत म्हटल्यावर त्यांनी नेमका कोणता बेडूक पाहिला होता हे ठरवायचं कसं? मग नंतरच्या पिढ्यांना त्यांचा लेख हातात घेऊन, त्यात लिहिलेल्या गावाच्या शोधात, त्याच महिन्यात, त्याच ओढ्याकाठी जावं लागलं. देह गेला तरी गाव शिल्लक होतं म्हणून काही नावं वाचली. २०१० साली झुडपी बेडकांच्या एका मोठ्या जीनसला त्यांच्या सन्मानार्थ ‘रावऑर्केस्टिस’ म्हटलं गेलं, आणि ते नाव देणाऱ्यांत पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे योगेश शौचे होते.

गाव नीट लिहिलेलं नसलं, किंवा लिहिलेल्या गावाचा प्रांतच बदलला, की काय गंमत होते पाहा. ‘बॉम्बेएन्सिस’ नावाचा झुडपी बेडूक अनॅनडेलने १९१९ साली मांडला. ऐकणारा म्हणतो, मुंबईचा. तो आहे कॅसलरॉकचा, उत्तर कन्नड जिल्ह्यातला. तेव्हा तो जिल्हा मुंबई इलाख्यात होता, एवढाच त्याचा मुंबईशी संबंध.

या झुडपी बेडकांची आणखी एक गोष्ट आहे, आणि वर्गीकरणातला मला सगळ्यांत भावणारा भाग तोच. ते दिसायला इतके सारखे, आणि एकाच प्रजातीत रंगांचे इतके प्रकार, की डोळ्यांनी पाहून ओळखायचं म्हटलं तर माणूस हात टेकतो. २०१३ साली आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या सह्याद्रीतून ‘रावऑर्केस्टिस घाटेई’ मांडला. पुण्याच्या मॉडर्न कॉलेजातल्या हेमंत घाटे सरांचं नाव त्याला दिलं. कीटकांपासून बेडकांपर्यंत सगळ्यांवर माया करणाऱ्या शिक्षकाचं नाव एका इवल्याशा बेडकाला मिळावं, याचा एक शिक्षक म्हणून मला फार आनंद झाला. तर अशा बेडकांना वेगळं करताना डीएनएच्या जोडीला आवाज मोठा आधार असतो. पावसाळी रात्री करवंदीच्या जाळीत एकाच वेळी तीन-चार प्रजातींचे नर ओरडत असतात. आपल्याला तो नुसता किर्र गोंगाट वाटतो. मादीला नाही. त्या कल्लोळात, अंधारात, पानांवरून पाणी गळत असताना ती बरोब्बर आपल्याच जातीच्या नराकडे जाते. दोन टिकटिकांमधलं अंतर, आवाजाची पट्टी, एका दमात किती टिकटिक, हे सगळं तिच्या कानात पक्कं आहे. आपण माइक लावून, संगणकावर त्या आवाजाचा आलेख काढून, जे शोधतो ते तिचं वर्गीकरण आहे. आपलं खरं की खोटं हे शेवटी तिलाच विचारायचं असतं.

गेल्या वीस वर्षांत आकडे झपाट्याने वाढले. २०११ साली निशाचर बेडकांच्या ‘निक्टिबॅट्रॅकस’ या जीनसमध्ये एका फटक्यात १२ नव्या प्रजाती, २०१४ साली ओढ्यात पाय झाडून जोडीदाराला खुणावणाऱ्या ‘मायक्रिक्सॅलस’मध्ये १४, २०१७ साली पुन्हा निक्टिबॅट्रॅकसमध्ये सोनाली गर्ग आणि सहकाऱ्यांनी ७, त्यातल्या चौघांची लांबी जेमतेम १२ ते १५ मिलिमीटर. काही जाणकार विचारतात, खरंच एवढ्या आहेत, की आपण बारीक फरकांना मोठं करतोय? हा प्रश्न रास्त आहे. प्रत्येक नवं नाव हा एक दावा असतो, आणि पुढचा माणूस जास्त नमुने, जास्त ठिकाणं तपासून तो मोडूही शकतो. काही मोडले आहेत. पण माझा कल वेगळं मांडणाऱ्यांच्या बाजूने आहे. सह्याद्री उत्तरेकडून दक्षिणेकडे सलग दिसतो तो नकाशावर. बेडकासाठी प्रत्येक खिंड, प्रत्येक कोरडी दरी ही भिंत आहे. पालघाटासारख्या रुंद खिंडीच्या दोन बाजूंना राहणारे नातलग लाखो वर्षं भेटलेले नाहीत. आणि व्यवहाराचं म्हणाल, तर सगळे एकाच नावाखाली ठेवले की कागदावर ‘सर्वत्र आढळतो’ असं दिसतं. त्यातला एका डोंगरापुरता असलेला कधी संपला हे कळतही नाही. २०२३ साली जगातल्या आठ हजारांवर उभयचरांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४१ टक्के प्रजाती धोक्यात असल्याचं निघालं. पृष्ठवंशीयांत एवढी वाईट स्थिती दुसऱ्या कुठल्याही वर्गाची नाही.

नाव ठेवलं म्हणजे बेडूक कळला, असं तर मुळीच नाही. १९५५ साली भादुरी आणि कृपलानी यांनी आपल्या सह्याद्रीतल्या एका निशाचर बेडकाला मुंबईचे निसर्गअभ्यासक हुमायूं अब्दुलअली यांचं नाव दिलं, ‘निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी’. ओढ्याकाठचा, सुरकुतल्या कातडीचा, साधासुधा बेडूक. साठ वर्षं तो यादीत होता. मग संशोधक हुंबरळीजवळ, हो, सोमणांच्या टोडच्याच हुंबरळीजवळ, पावसाळ्याच्या रात्री जागून बसले आणि २०१६ साली त्यांनी जे छापलं ते वाचून मी पुस्तकातला धडा पुन्हा लिहायला घेतला. बेडकांचा नर मादीला घट्ट धरतो, ती अंडी घालते, त्याच वेळी तो ती फलित करतो. हे धरण्याचे सहा प्रकार तोवर माहीत होते. हा नर मादीला धरतच नाही. पानावर किंवा फांदीवर तिच्या पाठीवर पाय पसरून बसतो, हात पानावर टेकतो, शुक्राणू तिच्या पाठीवर सोडतो आणि निघून जातो. त्यानंतर ती अंडी घालते आणि पाठीवरून ओघळलेल्या शुक्राणूंनी ती फलित होतात. सातवा प्रकार. शिवाय या बेडकाची मादीही आवाज काढते, जे बेडकांत फार थोड्या ठिकाणी नोंदलं गेलं आहे. हे सगळं महाराष्ट्रात, सातारा जिल्ह्यात, गाडीरस्त्यापासून फार लांब नसलेल्या ओढ्यांवर चाललेलं होतं.

आता गावाकडे येतो. बेडकाचं वर्गीकरण मिलिमीटरच्या दशांशाने होतं आणि तो ज्या जमिनीवर राहतो तिचं एका फटक्यात. सातबारावर सड्याची नोंद बहुतेक ठिकाणी पोटखराबा अशी असते. लागवडीला निरुपयोगी, आकार शून्य. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही उघड्या खडकाळ जमिनीला वेगळा रंग आहे, आणि तो रंग नापिकीचा. महसुलाच्या दृष्टीने ते चूक म्हणता येत नाही, तिथे भात पिकत नाही. पण एकदा कागदावर खराबा लिहिलं, की पुढचं सगळं सोपं होतं. चिरेखाण, बॉक्साइटची खाण, पवनचक्क्यांचे रस्ते, रिसॉर्टचे प्लॉट. “तिथे काय आहे? नुसता कातळ!” हे वाक्य मी इतक्या बैठकांत ऐकलं आहे. तिथे काय आहे ते सांगतो. एका आंबोलीच्या नावाभोवती पाहा: २००३ साली देवगांडूळ (बिनपायांचा, गांडुळासारखा दिसणारा उभयचर) ‘जेजिनिओफिस डॅनिएली’, २००९ साली पिवळा टोड आणि ‘आंबोली’ हेच नाव मिरवणारा झुडपी बेडूक, २०१४ साली कातळाच्या चिरांत राहणारा ‘इंडिराना चिरावासी’, ज्याच्या घराण्यातले बेडूकमासे पाण्यात न पोहता ओल्या खडकावर उड्या मारत चालतात. खाली गोव्याच्या सड्यांवर २०१७ साली मिळालेला ‘गोएंची’ नावाचा बेडूक. हे सगळे या नुसत्या कातळाचे आणि त्याच्या आसपासचे रहिवासी. जागतिक वारसा म्हणून २०१२ साली पश्चिम घाटातली ठिकाणं जाहीर झाली तेव्हा महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी घेतली गेली. आंबोली त्यात नाही. आंबोलीचा टोड मात्र जगातल्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत ‘अतिशय संकटग्रस्त’ या शेवटून तिसऱ्या पायरीवर आहे, कारण अख्ख्या पृथ्वीवर तो त्या थोड्या सड्यांवरच माहीत आहे. पहिल्या पावसाच्या शनिवारी रात्री धबधब्याला निघालेल्या गाड्यांखाली चिरडलेले पिवळे टोड मी रस्त्यावरून उचलून बाजूला ठेवले आहेत. गाडी चालवणाऱ्याला दोष देऊन काय होणार? त्याला कुणी सांगितलेलंच नाही. सांगणारी आंबोलीची स्थानिक पोरं आहेत, पावसात भिजत रस्त्यावर उभी राहून गाड्या हळू करायला लावतात. त्यांच्याएवढं ठोस काम मी आयुष्यात केलेलं नाही असं मला मनापासून वाटतं.

निवृत्तीनंतर मी एका वेगळ्या कामात आहे. जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. आमच्या तालुक्यातल्या एका सड्यालगतच्या गावाने ती नीट करायचं ठरवलं आणि मदतीला बोलावलं. शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली. बेडकांचं पान आलं तेव्हा तरुण मंडळी मोबाइल काढून फोटो शोधू लागली. कोपऱ्यात बसलेले एक आजोबा म्हणाले, “मास्तर, मी सांगतंय, लिवन घ्या.” आणि त्यांनी डोळे मिटून सांगायला सुरुवात केली. पहिल्या पावसात खाचरात येतो तो थोराड पिवळा, तो म्हणजे आमचा ट्रेमधला टायगेरिनस. मालवणात-गोव्यात लोक त्याला चोरून खातात, त्याची विक्री बेकायदा आहे हे सगळ्यांना ठाऊक असून. मग विहिरीच्या धोंड्यात बसतो तो. मग करवंदीत टिकटिकणारा, “तो दिसाचो नाय, फक्त आयकाचो.” आणि मग सड्याच्या खळग्यांतला, बारका, चार दिवस दिसून नाहीसा होणारा. प्रत्येकाची जागा, वेळ, आवाज. रंगाविषयी त्यांनी फार थोडं सांगितलं. मी त्यांना विचारलं, “आजोबा, खळग्यातले आणि विहिरीतले एकच नसतील कशावरून?” ते माझ्याकडे बघत राहिले. “मास्तर, आवाज येगळो ना!”

आम्ही त्या पानावर सगळं त्यांच्याच शब्दांत लिहिलं. शास्त्रीय नावाचा रकाना जिथे खात्री होती तिथे भरला, बाकीच्या ठिकाणी कोरा ठेवला. खळग्यातल्या बारक्या बेडकापुढे सड्याचा गट नंबर घातला. ग्रामसेवक म्हणाले, “सर, हा तर खराबा आहे.” म्हटलं, असू दे, दोन्ही लिहू. तसं लिहिलं. येत्या जूनमध्ये पहिला पाऊस झाला की आजोबांचा नातू तिथे जाऊन मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करणार आहे, तारीख, वेळ आणि खळग्याची जागा लिहून. ते रेकॉर्डिंग पुण्याला पाठवायचं ठरलं आहे.